भर उन्हातलं शून्य

भर दुपारी, आभाळात ढगाचा ठिपका नसताना माझ्या फोनवर शून्य दिसलं, की मला कळायचं, आबा विहिरीत उतरलेत. आबा म्हणजे माझे वडील. मी सोलापुरात शाळेच्या स्टाफरूममध्ये डबा उघडून बसलेली असायची आणि ते मोहोळच्या पलीकडे, तासाभराच्या अंतरावर, आमच्या रानात. त्या आकड्याची मला इतकी धास्ती बसली होती की डब्यात भाजी कुठली आहे हेही माझ्या लक्षात राहत नसे.

हा उद्योग मीच ओढवून घेतलेला. सौर पंपाचा अर्ज मी भरला. सातबारा, आधार, विहिरीचा फोटो, सगळं शाळेतल्या कॉम्प्युटरवरून मीच चढवलं. आबांकडे साधा बटणांचा फोन, तोही रानातल्या घरात खुंटीवरच्या पिशवीत लटकलेला, म्हणून अर्जावर मोबाईल नंबर माझा दिला. पंप बसला तसं फिटरनं माझ्याच फोनवर ॲप टाकून दिलं. मोटार चालू की बंद, आज किती तास चालली, आत्ता पाणी किती उपसतेय, सगळं त्यात दिसायचं. खाली दोन बटणं होती, एक हिरवं, एक लाल. फिटर म्हणाला, "मॅडम, आता तुम्ही सोलापुरात बसून शेताला पाणी द्यायचं." मला तेव्हा त्याचं केवढं कौतुक वाटलं.

त्याआधी आमच्याकडे शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री अशी यायची. त्या हालांचं पुराण मी सांगत बसत नाही, आमच्या भागात ते कुणालाच नवं नाही. पण आबांची एक रीत सांगायला हवी. विहिरीत उतरायचं झालं की ते मोटारीच्या पेटीतल्या फ्यूजच्या तिन्ही ग्रिपा उपसून काढायचे, बंडीच्या आतल्या खिशात टाकायचे, वरून हातानं चाचपायचे आणि मगच पायरीवर पाय ठेवायचे. गावातला एक जण लाईट गेली म्हणून निर्धास्त विहिरीत उतरला होता. लाईट आली, ऑटो स्विचनं मोटार आपसूक सुरू झाली, आणि वर आलं ते त्याचं प्रेत. आबा त्याच्या तिरडीला खांदेकरी होते. तेव्हापासून फ्यूज खिशात असल्याशिवाय त्यांनी पाण्याला पाय लावला नाही.

आमची विहीर बांधीव आहे. निम्म्यापर्यंत दगडी पायऱ्या, पुढे लोखंडी शिडी. मोटार तळाला, पाण्यात बुडालेली. पाणी भरपूर असलं की तिच्याकडे बघावंही लागत नाही. पाणी उतरलं की मोटारीच्या जाळीत शेवाळ अडकतं, गाळ बसतो, धार बारीक होते. मग कुणीतरी कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून हातानं ती जाळी साफ करायची. आमच्याकडे ते काम आबांचं.

सौर पंप बसला त्या दिवशी आबांनी सगळ्यात आधी हेच विचारलं. "ह्येचं फ्यूज कुटं हाय?"

फिटर हसला. "फ्यूज काढायची भानगडच नाही काका. ऊन आलं की मोटार आपोआप सुरू, ऊन गेलं की बंद. मधेच थांबवायची असली तर खांबावरच्या कंट्रोलरच्या डब्यातलं हे लाल बटण."

"आन ते बटण दुसऱ्या कुनी दाबलं तर?"

"तुमच्या रानात येऊन कोण दाबणार?"

आबा डब्याकडे बघत राहिले. पटलं नव्हतं, पण त्या फिटर पोराचा उत्साह मोडायचा नाही म्हणून गप्प बसले. मी मात्र त्यांना चिडवलं, "आबा, आता खिशात काय टाकणार? सूर्य?" शिक्षकाला आपण फार हुशार बोलतो असं वाटतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे मी वर्गात पोरांना शिकवत होते.

पहिलं वर्ष दृष्ट लागण्यासारखं गेलं. सकाळी ऊन वर आलं की ठिबकमधून पाणी सुरू. आबांची झोप झाली, आईचा जीव थाऱ्यावर आला. दोन एकर डाळिंबाला कधी नव्हे तो वेळच्या वेळी ओलावा मिळाला. मग आजूबाजूच्या रानांतही सौर पाट्या उभ्या राहिल्या. चारी बाजूंनी निळ्या काचा. ऊन फुकट, त्यामुळे मोटार बंद करावी असं कुणाच्या मनात येईना. दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत साऱ्या शिवाराचं पाणी वर येत होतं. दुसऱ्या उन्हाळ्याच्या तोंडावर एका रविवारी मी विहिरीत डोकावले तर मी कधीच न पाहिलेले दगड दिसत होते, काळे, ओले. मला तिथं उभं राहवेना.

त्याच रविवारी मी ताडपत्री पाहिली. कांद्यावर घालायची निळी ताडपत्री आबांनी पाट्यांवर पसरली होती, चारी कोपऱ्यांना दोरीनं दगड बांधले होते. मोटार थांबलेली. आबा शिडीवरून खाली चाललेले.

आई दारात तांदूळ निवडत होती. मला म्हणाली, "बगितलंस? कोंबडं झाकलं म्हनून तांबडं फुटायचं ऱ्हातंय व्हय? पन ऐकतंय कोन."

आबा वर आल्यावर मी त्यांच्यावर उखडले. डब्यात बटण आहे, ते दाबायचं सोडून हे काय खूळ? आबा पाय पुसत शांतपणे म्हणाले, "झाकलेलं मला खालनंबी दिसतंय. बटन दाबलेलं दिसत न्हाय."

"आणि वाऱ्यानं उडालं तर?"

"दगड हायत की."

त्यांनी विहिरीच्या तळापासून वर पाट्यांपर्यंत बोट फिरवून दाखवलं. विहिरीच्या काठालगतच पाट्या होत्या, आणि निळी कड तळातून दिसत असणार. एवढं बोलून होईस्तोवर वाऱ्याचा एक झोत आला, ताडपत्रीचा कोपरा हातभर उचलला गेला आणि खाली मोटारीनं एक हुंकार दिला. पुरता सेकंदभरही नसेल. आबांनी आणखी एक दगड आणून बांधला. पण तो आवाज माझ्याबरोबर सोलापूरला आला.

आता माझी करामत सांगते. ॲपमध्ये लाल बटण होतंच. दुपारी उन्हात शून्य दिसलं की समजायचं, ताडपत्री पडली, आबा उतरले. लगेच लाल बटण दाबायचं. मग ताडपत्री उडो नाहीतर फाटो, मोटार सुरू होणार नाही. फोनवरून बंद केलेली मोटार डब्यातल्या बटणानंही सुरू होत नसे, ती फोनवरूनच सोडावी लागे. अर्ध्या तासानं आईला घरी फोन करायचा, "आबा वर आले का?" ती अंगणात जाऊन बघून यायची, "व्हय, आल्यात, ताडपत्रीबी काडलीया." की मी हिरवं दाबायची. मला माझ्या डोक्याचा अभिमान वाटला. वर्गात मुलांची हजेरी घेताना मी मनातल्या मनात आबांचीही घेत होते.

आबांना मी हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी फिटरला बोलावून फोनची तार आधी तोडायला लावली असती. दुसऱ्याच्या हातातलं बटण हीच तर त्यांची भीती. आणि खरं सांगायचं तर, म्हाताऱ्या माणसाला कळू न देता त्याला सांभाळण्यात एक सुख असतं, ते मला सोडवत नव्हतं.

फाल्गुन संपेपर्यंत असं किती वेळा झालं, मी मोजलं नाही. आई एकदा फोनवर म्हणाली, "मोटार आजकाल रुसतीया बग. ह्यांनी दोनदा हात फिरवल्याबिगर चालूच हुत न्हाय." मी हसले. म्हटलं, "आबांची सवय लागली तिला." आईही हसली. त्या हसण्याची मला आता लाज वाटते. तिनं मला सगळं सांगितलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं.

ती दुपार मार्चातली. शून्य दिसलं, मी लाल बटण दाबलं, डबा खाल्ला, आईला फोन केला. आई बघून आली. "आल्यात वर." मी हिरवं दाबलं. पडद्यावर एक गोल फिरायला लागला. नेहमी दोन-चार सेकंदांत तो थांबून मोटार चालू झाल्याचं दिसायचं, आज फिरतच राहिला. मधली सुट्टी संपल्याची घंटा झाली. चौथीच्या वर्गात चाचणी होती. मी फोन पर्समध्ये टाकला आणि वर्गावर गेले.

आईचा फोन आला तेव्हा मी फळ्यावर गणित लिहीत होते. मागून शेजारच्या रानातल्या दादांचा आवाज येत होता, "गाडी आलीया, उचला, उचला." मग त्यांनीच फोन घेतला आणि सांगितलं. आबा पाण्यात असताना मोटार सुरू झाली. तारेच्या जोडाला हात होता. करंट बसून ते भिंतीच्या दगडावर फेकले गेले. आईनं ओरडा ऐकला, ती धावत आली, आणि एकटीनं ओढून ती ताडपत्री पाट्यांवर टाकली. निम्मीच पसरली होती, पण मोटार थांबली. मग दादा शिडीनं उतरले.

आबा वाचले. उजव्या हाताची दोन बोटं काढावी लागली आणि तळवा कोळशासारखा झाला होता. सोलापूरच्या दवाखान्यात भेटायला येणारा प्रत्येक जण आईचं कौतुक करायचा. बाईनं सूर्य झाकला म्हणून कुंकू राहिलं. आई ओशाळून म्हणायची, "ताडपत्री व्हती म्हनून." मग लोक पंपाला नावं ठेवायचे. "उन्हाचं काय, तापलं की आपसूक सुरू. त्याला काय माणूस कळतंय?" आबा पडल्या पडल्या मान हलवायचे. त्यांनाही तसंच वाटत होतं. मी औषधाच्या चिठ्ठ्या घेऊन उभी असायची आणि गप्प असायची.

तार बदलायला फिटर आला त्या दिवशी मी मुद्दाम रानात गेले. सहज विचारल्यासारखं विचारलं, की फोनवरून बटण दाबलं आणि मोटार लगेच चालू झाली नाही तर काय होतं? तो म्हणाला, "इकडं रेंज कमी आहे ना मॅडम. हुकूम वाटेत थांबतो. रेंज आली की जातो. पाच मिनिटं, दहा मिनिटं, कधी जास्त." त्यानं तार गुंडाळता गुंडाळता सांगितलं. त्याला काय ठाऊक, तो कुणाला काय सांगतोय.

मी हिरवं दाबलं ते आबा वर असताना. ते पोचलं आबा पाण्यात असताना. एवढं मला कळलं. पण वर आलेले आबा पुन्हा खाली का गेले, हे कोडं सुटेना. काहीतरी विसरले असतील, पकड नाहीतर टॉवेल, अशी मी मनाची समजूत घातली. त्यांना विचारायची हिंमत नव्हती, कारण विचारलं की सांगावं लागलं असतं. दोन्ही बटणांना पुन्हा हात लावायचा नाही असं मी ठरवलं. ॲप मात्र काढलं नाही. रोज बघायची.

मे महिन्यात आबा सोलापुरात आमच्या घरी होते. हाताच्या पट्टीसाठी दवाखान्यात दर दोन दिवसांनी जावं लागे. आई रानात एकटी. डाळिंबं आणि म्हैस सोडून ती यायला तयार नव्हती. मी तिला बजावून आले होते, विहिरीत कुणी उतरायचं नाही, जाळी तुंबली तर दादांना सांगायचं, ते डब्यातलं बटण बंद करून उतरतील. ती बरं म्हणाली होती. तिचं बरं म्हणजे पुढचं बोलणं थांबवायचं साधन, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

त्या दिवशी बारा वाजून गेले होते. कूलर घरघरत होता. आबा खुर्चीत डाव्या हातानं चमच्यानं ताक-भात खात होते, मी समोर बसून फोन बघत होते. आणि आकडा शून्यावर आला. बाहेर सोलापूरचं मे महिन्यातलं ऊन.

मी आबांकडे बघितलं. आबा माझ्यासमोर होते. मग विहिरीत कोण?

घरी फोन लावला. वाजत राहिला. तो खुंटीवर होता आणि घरात कुणी नव्हतं. दादांना लावला. ते लग्नाला मोडनिंबला गेले होते. "काल वहिनी म्हनत व्हत्या, धार बारीक झालीया. मी उद्या बगतो म्हनलं व्हतं," ते म्हणाले. "निगतोच." पण तिथून रानात यायला त्यांना अर्धा-पाऊण तास तरी लागणार होता.

ठरवलेलं सगळं विसरून माझं बोट लाल बटणावर गेलं.

"काय दाबलंस?" आबा म्हणाले. चमचा ताटलीत ठेवला होता.

"मोटार बंद केली."

"हितनं?"

मग मी सांगितलं. शून्य, लाल, आईला फोन, हिरवं, आणि मार्चातली ती दुपार, सगळं. सांगताना मी त्यांच्या हाताकडे बघत होते, तोंडाकडे बघवत नव्हतं.

"म्हंजी मोटार बिगडली न्हवतीच," ते म्हणाले. "मी वर यायचो, ताडपत्री काडायचो, आन ती सुरूच व्हायची न्हाय. बटन दाबलं तरी न्हाय. मला वाटायचं, जाळीत अजून कायतरी अडकलंय. मग मी परत उतरायचो." ते थांबले. "मोटार मेलेलीच हाय म्हनल्यावर दुसऱ्या बारीला कशाला झाकायचं? तसाच उतरायचो. थोडं चाचपून वर आलो की चालायची."

मी त्यांना ज्यातून वाचवत होते, त्यात दर वेळी मीच त्यांना दुसऱ्यांदा पाठवत होते, उघड्या उन्हात.

"किती वेळा, आबा?"

"अकरा बार. अकराव्या बारीला ह्ये झालं." त्यांनी पट्टीचा हात मांडीवरून थोडा उचलला. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

मग एकदम ते पुढे वाकले. "आता तुजी आई वर आली आन मोटार सुरू झाली न्हाय, तर ती काय करंल?"

मी फोनकडे बघितलं. गोल फिरत होता. लाल बटणाचा हुकूम पोचला की नाही, कळायला मार्ग नव्हता. आकडा ताडपत्रीनंही शून्य असतो आणि बटणानंही शून्य. "हिरव्याला हात लावू नगंस," आबा म्हणाले. "काय बी झालं तरी." त्यांनी चांगल्या हातानं माझं मनगट धरलं आणि सोडलं नाही. आम्ही दोघं ते शून्य बदलू नये म्हणून त्याच्याकडे टक लावून बसलो. मी घरी फोन लावत होते, तो वाजून वाजून बंद होत होता, मी परत लावत होते. किती वेळ गेला सांगता येत नाही. ताक-भातावर माश्या बसल्या होत्या.

शेवटी तो उचलला गेला. आई धापा टाकत होती.

"आगं, किती वाजवतीस? म्या रानात व्हते की. मोटारीला काय झालंय बग, सुरूच हुईना. जाळी साप केली, वर येऊन ताडपत्री काडली, तरी न्हाय. परत उतरून बगितलं, तरी न्हाय. आता परत जाती, जरा काटीनं..."

परत उतरून. म्हणजे दुसऱ्यांदाही. उघड्या उन्हात.

आबांनी फोन माझ्या हातातून घेतला. "हितं बग," ते म्हणाले, "तू आता घरातच बस. मोटारीला काय बी झालेलं न्हाय. न्हाय, ऊनबी न्हवतं ते. माज्या हाताच्या बारीलाबी ऊन न्हवतं."

पलीकडून आई काहीतरी विचारत होती, पुन्हा पुन्हा. आबांनी ऐकून घेतलं. मग फोन माझ्यापुढे धरला.

"तूच सांग तिला," ते म्हणाले.

मी फोन कानाला लावला. आई अजून धापाच टाकत होती.